भूतानला जाण्यासाठी तिबेट: नेहरूंचा १९५८ चा प्रवास

सप्टेंबर १९५८ मध्ये भारताचे पंतप्रधान शेजारच्या एका छोट्या देशाच्या भेटीला निघाले. या देशाशी आपली सीमा थेट भिडलेली. तरीही तिथे पोहोचण्यासाठी जवाहरलाल नेहरूंना सिक्कीममधून नथू ला ही खिंड ओलांडून तिबेटात उतरावं लागलं आणि चुंबी खोऱ्यात मुक्काम करून पुन्हा डोंगर चढून भूतानच्या पारो खोऱ्यात जावं लागलं. बराचसा प्रवास घोड्यावर, काही याकवर आणि काही पायी. नेहरू तेव्हा एकोणसत्तरीच्या उंबरठ्यावर होते. सोबत कन्या इंदिरा गांधी होत्या.

या दौऱ्याबद्दल आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगितल्या जातात: याकवर बसलेल्या नेहरूंचा फोटो आणि पारोमधलं भाषण. दोन्ही बाजूला ठेवून प्रवासाकडेच प्रकरण म्हणून पाहिलं तर हाती बरंच लागतं. ही वाट का निवडली, तिच्यासाठी कोणाचा होकार लागला, आणि दोन वर्षांत ती कायमची बंद का झाली, हे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

सरळ रस्ता का नव्हता

नकाशावर बंगालच्या मैदानातून उत्तरेला सरळ रेघ ओढली की भूतान लागतो. मग तिथूनच का जायचं नाही?

कारण १९५८ मध्ये भूतानमध्ये मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. दक्षिणेची वाट होती ती खेचरांची. बंगालच्या मैदानाला भूतानचे डोंगर जिथे भिडतात त्या पट्ट्याला दुआर म्हणतात. साल वृक्षांचं घनदाट जंगल, हत्ती, जळवा आणि हिवताप यांसाठी हा भाग बदनाम होता. पायथ्याच्या डोंगरांवर वर्षाला चार-चार, पाच-पाच मीटर पाऊस कोसळतो. कोकणातून देशावर चढणारा एखादा जुना घाट डोळ्यांपुढे आणा, फक्त चढण संपल्यावर पठार लागत नाही, पुढे आणखी खोल दरी लागते, आणि असं आठवडाभर चालतं. नदीच्या काठाकाठानं वर जावं म्हटलं तर तेही नाही. वांग छू, संकोश यांसारख्या नद्या पायथ्याशी इतक्या अरुंद घळींतून बाहेर पडतात की पायवाटेला काठच मिळत नाही. त्यामुळे वाटा डोंगरांच्या सोंडांवरून चढत-उतरत जायच्या. मैदानातून थिंफूला पोहोचायला खेचरांसोबत सहा दिवसांची चाल होती, तीही पाऊस आणि दरडी आडव्या आल्या नाहीत तर.

या वाटेनं कोणी गेलंच नव्हतं असं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉर्ज बोगल १७७४ मध्ये कूचबिहार, बक्सा दुआर असा दक्षिणेकडूनच भूतानमध्ये शिरला आणि पुढे तिबेटात गेला. पण गंगटोकचा ब्रिटिश पोलिटिकल ऑफिसर जॉन क्लॉड व्हाइट १९०५ मध्ये भूतानला गेला तो नथू लाहून चुंबीमार्गे. म्हणजे पश्चिमेची वाट नेहरूंच्या आधी अर्धशतक सरकारी लवाजम्यांच्या वापरात होती.

आणि ती तशी असण्याला भक्कम कारण होतं. चुंबी हे सिक्कीम आणि भूतान यांच्यामध्ये पाचरीसारखं घुसलेलं तिबेटचं खोरं. त्याचा तळ साधारण तीन हजार मीटरवर. हिवताप नाही, पाऊस दुआरपेक्षा कितीतरी कमी. तिबेटी लोकर लादलेली खेचरं याच खोऱ्यातून जेलेप ला ही खिंड ओलांडून कालिम्पाँगला उतरायची, त्यामुळे वाट मळलेली, पडाव ठरलेले, चारा मिळणारा. भूतानचा भारताशी चालणारा कारभारही कालिम्पाँगमधल्या भूतान हाउसमधून दोरजी घराणं पाहत असे. पश्चिम भूतानची वस्ती आणि सत्ता जिथे एकवटली होती ती पारो, ‘हा’ आणि थिंफू या नावांची खोरी दक्षिणेच्या मैदानापेक्षा चुंबीला जवळ होती. अंतरानं थोडीफार, पण चालण्याच्या कष्टानं तर नक्कीच.

प्रवासी म्हणून विचार केला तर निवड सोपी होती. पंतप्रधानांना सप्टेंबरात, पाऊस पुरता ओसरला नसताना, दुआरच्या चिखलातून नेण्यात शहाणपण नव्हतं. विमानाचा प्रश्नच नव्हता. पारोची धावपट्टी झाली ती १९६८ मध्ये, आणि भूतानच्या स्वतःच्या विमानसेवेचं पहिलं उड्डाण १९८३ मधलं.

परवानगी कोणाची

अडचण भूगोलाची नव्हती, कागदाची होती.

१९०४ च्या ब्रिटिश स्वारीनंतर चुंबीतल्या यातुंगला भारताची व्यापारी कचेरी आली. स्वातंत्र्यानंतर ती भारत सरकारकडे आली, सोबत रक्षणासाठी ठेवलेली छोटी लष्करी तुकडी आणि वाटेवरची विश्रामगृहंही. २९ एप्रिल १९५४ ला भारत आणि चीन यांनी तिबेटसंबंधीचा करार केला, ज्याच्या प्रस्तावनेत पंचशील आहे. त्यासोबत भारतानं यातुंग आणि ग्यांत्सेमधल्या लष्करी तुकड्या मागे घेण्याचं मान्य केलं आणि विश्रामगृहं चीनला देऊन टाकली. व्यापारी कचेऱ्या राहिल्या. व्यापारी आणि यात्रेकरू यांच्या येण्या-जाण्याचे नियम ठरले. सरकारी अधिकाऱ्यांना मात्र पासपोर्ट आणि व्हिसा लागणार होता.

त्या करारावर आजवर खूप टीका झाली आहे. बहुतेक टीका तिबेटविषयी आहे, सीमेविषयी आहे. माझी तक्रार वेगळी आणि लहान आहे. ज्या खोऱ्यातले हक्क आपण सोडत होतो, ते भूतानला जाण्याची आपली चालती वाट होतं. १९४९ च्या दार्जिलिंग करारानुसार भूताननं परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचा होता. ज्याला सल्ला द्यायचा त्याच्या घरी जायची वाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते, हे १९५४ च्या टेबलावर कोणी बोलून दाखवलेलं दिसत नाही. करारात भूतानच्या प्रवासाचा उल्लेखही नाही.

त्यामुळे १९५८ च्या दौऱ्यासाठी पेकिंगचा होकार लागला. तो मिळाला. नेहरूंना दलाई लामांचं ल्हासा भेटीचं निमंत्रणही होतं. ती भेट मात्र होऊ शकली नाही, तिबेटातली परिस्थिती ठीक नाही असं चीनकडून सांगण्यात आलं. चुंबीतून आरपार जायला हरकत नाही, पण आत ल्हासाकडे नको, असा एकंदर हिशोब. तेव्हा पूर्व तिबेटात खाम्पांचा, म्हणजे तिथल्या खाम भागातल्या लोकांचा, सशस्त्र उठाव भडकलेला होता, त्यामुळे चीनच्या या सावधपणाचं कारण समजतं. भारतानं तो पाहुणचार म्हणून स्वीकारला. याच परवानगीच्या जोरावर पंतप्रधानांचा लवाजमा परमुलखात शिरणार होता, आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली ही गोष्ट पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नव्हती.

गंगटोकमधला औंधचा माणूस

या सगळ्या व्यवहाराचं भारतीय टोक गंगटोकला होतं आणि तिथे बसले होते अप्पासाहेब पंत. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे हे चिरंजीव. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे आणि १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे तेच भवानराव. अप्पासाहेब नैरोबीला भारताचे आयुक्त होते. तिथून ते १९५५ मध्ये गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर म्हणून आले आणि १९६१ पर्यंत राहिले. या पदाकडे सिक्कीम आणि भूतान यांच्यासोबत तिबेटमधल्या भारतीय कचेऱ्यांवरची देखरेखही होती. म्हणजे नेहरूंच्या वाटेवरचे तिन्ही मुलूख एकाच टेबलाशी जोडलेले. दौऱ्यात ते नेहरूंच्या सोबत होते.

मराठी वाचकाला हे नाव आपलं म्हणून सुखावेल, पण इथे त्याचं महत्त्व निराळं आहे. राजकारभार घरात पाहिलेला, छोट्या संस्थानाचा स्वाभिमान कसा असतो हे आतून माहीत असलेला माणूस एका छोट्या राज्याशी बोलणी करत होता. दिल्लीहून फायली घेऊन आलेल्या कोणालाही हे सहज जमलं नसतं असं मला वाटतं.

नथू ला ते पारो

गंगटोकची उंची साधारण १,६५० मीटर. नथू ला ४,३१० मीटर. अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण चढ अडीच हजार मीटरहून जास्त. आजचा पर्यटक हे अंतर सकाळी जीपनं करतो, खिंडीत फोटो काढतो, डोकं दुखायला लागलं की खाली येतो. तीन-चार दिवस त्याच उंचीच्या मुलखात चालायचं असलेल्या माणसाला तसं करून भागत नाही. साधारण ३,७५० मीटरवरचा त्सोमगो, म्हणजे ज्याला सगळे छांगू म्हणतात तो तलाव, हा या वाटेवरचा नैसर्गिक थांबा. शरीराला पातळ हवेची सवय व्हायला असे टप्पे लागतात, आणि अडुसष्ट वर्षांच्या शरीराला तर जास्तच.

सिक्कीमच्या बाजूनं जीपचा रस्ता तेव्हा खिंडीच्या जवळपास पोहोचू लागला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये बुद्ध जयंतीच्या सोहळ्यासाठी दलाई लामा याच खिंडीतून भारतात आले होते, त्यामुळे मोठा लवाजमा इथून सुखरूप नेता येतो हे दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. खिंडीपलीकडे मात्र जनावरांशिवाय गत्यंतर नव्हतं.

डोंगरातल्या ओझ्याच्या जनावरांची एक खोड नव्या स्वाराला घाबरवून सोडते. ओझं आतल्या कड्याला घासू नये म्हणून खेचर नेहमी वाटेच्या बाहेरच्या कडेनं चालतं. पाठीवर गोणी असो की माणूस, त्याच्या लेखी एकच. त्यामुळे बसणाऱ्याचा एक पाय सतत दरीवर लोंबकळतो. लगाम ओढून त्याला आत घेण्याचा प्रयत्न करणारे लोकच जास्त पडतात. जनावराला त्याच्या मनानं चालू द्यायचं असतं. याकचं तंत्र आणखी निराळं. त्याच्या नाकातून दोरी ओवलेली असते आणि ती सहसा पुढे चालणाऱ्या माणसाच्या हातात असते. पाठ इतकी रुंद की लाकडी खोगिरावर गालिचा टाकून बसलं तरी तासाभरात मांड्या भरून येतात. पण भुसभुशीत बर्फात किंवा निसरड्या दगडांवर जिथे घोडा बिचकतो तिथे याक शांतपणे पाय रोवतो. उलट खालच्या उबदार खोऱ्यात त्याला दम लागतो. म्हणून वरच्या टप्प्याला याक आणि खालच्या टप्प्याला खेचर किंवा तट्टू, अशी जनावरं बदलत जावं लागतं. नेहरूंच्या प्रवासात दोन्ही दिसतात ते यामुळे. याकची स्वारी ही फोटोसाठी केलेली गंमत नव्हती.

चुंबीत चिनी आणि तिबेटी अधिकाऱ्यांनी स्वागत केलं. यातुंगच्या भारतीय व्यापारी कचेरीत मुक्काम झाला. तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी होती. ल्हासाहून ग्यांत्से, फारीमार्गे यातुंगपर्यंत चिन्यांनी मोटार रस्ता आणलेला होता. उत्तरेकडून ट्रक भूतानच्या शिवेजवळ येऊ शकत होते आणि भारताचा पंतप्रधान खेचरावरून चालला होता. संपूर्ण दौऱ्यातला सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो. त्यासाठी वेगळ्या अहवालाची गरज नव्हती.

यातुंगहून पुढे भूतानच्या पश्चिमेची डोंगररांग ओलांडून मंडळी पारोला पोहोचली. राजे जिग्मे दोरजी वांगचुक तेव्हा तिशीच्या आसपास होते. १९५२ मध्ये गादीवर आलेले, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सभा स्थापन केलेले आणि देश बाहेरच्या जगाला किती उघडायचा याचा विचार करत असलेले. २३ सप्टेंबरला पारोच्या जाहीर सभेत नेहरूंनी स्पष्ट सांगितलं की भारत मोठा आणि भूतान लहान असला तरी भारताला दबाव आणायचा नाही. भूताननं स्वतंत्र राहावं आणि प्रगतीचा मार्ग आपल्या इच्छेनं निवडावा.

हे शब्द दिल्लीहून तारेनं पाठवले असते तर त्यांचं वजन किती राहिलं असतं, अशी शंका येते. रस्ता नसणं ही भूतानची शतकानुशतकांची तटबंदी होती. रस्ता आला की त्यावरून कोण येईल, ही भीती त्या देशाच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटली असती. मोठ्या शेजाऱ्याचा प्रमुख खिंडी ओलांडून, दमून, दिवसचे दिवस खर्चून येतो आणि मग म्हणतो की तुम्ही ठरवा, याचा अर्थ डोंगरातल्या माणसांना बरोबर कळतो.

वाट बंद झाली

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले. ऑगस्टमध्ये नेहरूंनी संसदेत जाहीर केलं की भूतान किंवा सिक्कीमवरचं आक्रमण हे भारतावरचं आक्रमण मानलं जाईल. घोषणा मोठी होती, पण तिच्यामागून सैन्य किंवा धान्य पाठवायचं तर जायचं कुठून? चुंबीतून जाणं आता शक्य नव्हतं. १९६० मध्ये भूताननं तिबेटशी असलेली आपली सीमा बंद केली. जुना व्यापार थांबला. १९५४ च्या कराराची मुदत १९६२ मध्ये संपली, युद्ध झालं, यातुंगची कचेरी गेली. नेहरू ज्या वाटेनं गेले ती वाट त्यांच्या दौऱ्यानंतर दोन वर्षंही टिकली नाही.

याच काळात भूताननं दक्षिणेच्या रस्त्याला होकार दिला. हा होकार फक्त पारोच्या बोलण्यांमुळे आला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ल्हासानं तो घडवला. पण पारोची भेट आधी झालेली नसती, तर त्या घाईच्या वर्षांत थिंफूनं दिल्लीवर इतक्या लवकर भरवसा ठेवला असता का, हा प्रश्न उरतोच.

भारताच्या सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प २४ एप्रिल १९६१ ला उभा राहिला. त्याच वर्षी भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. साडेसतरा कोटींच्या आसपासच्या त्या योजनेचा पैसा भारताचा होता आणि त्यातला मोठा हिस्सा रस्त्यांवर गेला. फुंत्शोलिंगहून निघून गेदू, चुखा असं चढत हा रस्ता छुझोमच्या संगमाशी पोहोचतो. तिथे एक फाटा पारोला आणि दुसरा थिंफूला. लांबी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. १९६२ मध्ये त्यावरून गाड्या जाऊ लागल्या आणि सहा दिवसांची चाल एका दिवसावर आली. ज्या पावसाळी, ठिसूळ डोंगरांना टाळून सगळे चुंबीमार्गे जात होते त्याच डोंगरांत हा रस्ता कोरला गेला. त्याची किंमतही तशीच मोजावी लागली. भूतानमधल्या कामांवर दंतकच्या हजाराहून अधिक माणसांचे प्राण गेले आहेत.

रस्त्यानं भूतानच्या आतली गणितंही हलली. आधुनिकीकरणाचे पुढारी आणि पंतप्रधान जिग्मे पाल्देन दोरजी यांची ५ एप्रिल १९६४ ला फुंत्शोलिंगमध्ये हत्या झाली, म्हणजे रस्ता जिथून सुरू होतो त्याच गावात. पुढे याच रस्त्याच्या आधारानं चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प झाला आणि वीज विकून पैसा मिळवणारा भूतान उभा राहिला.

निकाल काय द्यायचा

दौऱ्यावर हौशीपणाचा आरोप होतो: पंतप्रधानांनी पंधरवडाभर राजधानी सोडून डोंगर चढायची काय गरज होती, राजांना कोलकात्याला बोलावता आलं असतं. मला तो आरोप पटत नाही. राजे १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीला येऊन गेले होते. आता जायची पाळी आपली होती. वाटेची निवडही त्या ऋतूत, त्या साधनांनिशी बरोबरच होती. चूक झाली ती १९५४ मध्ये. दुसरी वाट तयार होण्याआधी हातातली वाट सोडली गेली, आणि पुढची काही वर्षं भूतानशी असलेला आपला संबंध चिनी सौजन्यावर लोंबकळत राहिला. नशीब असं की त्या काळात त्याची परीक्षा उशिरा झाली.

आणि चुंबीचा प्रश्न मिटलेला नाही. जून ते ऑगस्ट २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनचे सैनिक समोरासमोर उभे राहिले, तेही चीननं तिथे सुरू केलेल्या रस्त्याच्या कामावरून. ते पठार चुंबीच्या दक्षिण टोकाशी आहे. नथू ला २००६ मध्ये व्यापारासाठी उघडला, पण भूतानला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उत्तरेकडून भूतानमध्ये शिरणारी एकही अधिकृत प्रवासी वाट आज उघडी नाही.

म्हणून पुण्या-मुंबईहून जमिनीमार्गे भूतानला निघालेला माणूस आज बंगालमध्ये हासिमारा स्टेशनवर उतरतो, तिथून जयगावला जातो आणि सीमेवरच्या कमानीपलीकडच्या फुंत्शोलिंगमध्ये पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना घेतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही. मात्र २०२२ पासून प्रत्येक रात्रीमागे माणशी १,२०० रुपयांचं शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पुढचा टप्पा रेल्वेचा आहे. आसाममधल्या कोक्राझारहून गेलेफू आणि बंगालमधल्या बानरहाटहून सामत्से, असे दोन लोहमार्ग दोन्ही सरकारांनी २०२५ मध्ये जाहीर केले आहेत. दोन्ही दक्षिणेकडूनच जातात, आणि नेहरूंच्या वेळी पायथ्याच्या ज्या जंगलांना सगळे वळसा घालून जात होते, त्याच पट्ट्यात भूतानची पहिली रेल्वे स्थानकं उभी राहणार आहेत.